खाडीवरची दुसरी लाँच

“बस ना गो, उभी का?”

मला असं म्हणाला तो दिगाशेठ. केबिन बंदराच्या साहेबांची, समोरच्या खुर्च्या सरकारच्या, आणि मला बसायला सांगत होता हा. बशीत ओतलेला चहा फुरकत होता. साहेब टेबलापलीकडे फाइलवर शिक्के मारत बसले होते.

मी उभीच राहिले.

“साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?”

“विचाराधीन आहे.” साहेबांनी मान वर केली नाही.

“मागच्या खेपेलाही विचाराधीनच होता.”

“मग? एवढी माणसं पाण्यावरून न्यायची म्हणजे विचार नको करायला? तपासणीचा अहवाल यायचाय.”

“तपासणी होऊन पावसाळा उलटला, साहेब. तुमचीच माणसं आमच्या लाँचवर येऊन गेली. ठोकून बघितली, मोजून बघितली, सगळं बरोबर आहे म्हणाली.”

“अहवाल वर गेलाय.”

“वर म्हणजे कुठे?”

साहेब दिगाशेठकडे बघून हसले. दिगाशेठने बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसा बोलला, “तांडेलाची पोर तू. बाप चांगला होता तुझा. उगाच हेलपाटे कशाला घालतेस? नवऱ्याला माझ्या लाँचवर लावून टाक, मला सारंग हवाच आहे. तुमची जुनी लाँच भंगारात दे. दोन लाँच पोसण्याइतकी ही खाडी मोठी नाही.”

“खाडी पुष्कळ मोठी आहे, शेठ,” मी म्हटलं. “किती मोठी ते मला ठाऊक आहे.”

तो नुसता हसला. माझं बोलणं त्याला कळलं नाही. कशाला कळेल? त्याच्या लेखी ते कधीच मिटलं होतं.

दिगंबर नाटेकर. सावरखार ते मोहरी बंदर, ह्या खाडीवरची एकुलती एक प्रवासी लाँच त्याची. सावरखार म्हणजे आमचं गाव. मोहरीला बाजार, मोठा दवाखाना, एस.टी.चा स्टँड, कॉलेज. ज्याला काही हवं त्याला खाडी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. वरच्या अंगाला पूल होता, पण त्यावरून फिरून जायचं म्हणजे अख्खी दुपार मोडायची. त्यामुळे दिगाशेठ लाँच सोडील तेव्हा गावाने जायचं आणि तो आणील तेव्हा परत यायचं. बंदराचे साहेब त्याच्या घरी पापलेट खायला येत. गावकीच्या बैठकीला तो मधल्या चटईवर बसे.

मी त्याच गावची. लग्न होऊन मुंबईला गेले. आमचे हे भाऊच्या धक्क्यावर लाँच हाकायचे. हाताखालचा खलाशी म्हणून लागले आणि सारंग झाले. वडील वारले तेव्हा आम्ही सावरखारला परत आलो, तिथल्या घरात राहिलो. रेवसच्या एका मालकाने लाँच विकायला काढली ती घेतली, किनाऱ्यावर ओढून ह्यांनी तिची फळी न् फळी नवी केली. मग परवान्याचा अर्ज टाकला आणि तो अर्ज जिथे टाकला तिथेच राहिला.

त्या दिवशी बंदर कार्यालयातून घरी आले आणि ह्यांना सांगितलं, “आता कोर्टात जायचं.”

हे जाळ्यातला गुंता सोडवत होते. हातातली गाठ सोडवली. मग म्हणाले, “एक विचारू? तुला लाँच चालवायची आहे, की दिगाशेठला बुडवायचं आहे?”

“दोन्ही.”

“पहिल्यासाठी कोर्टात जा. दुसऱ्यासाठी गेलीस तर मी बरोबर येणार नाही.”

“बरं, पहिल्यासाठी,” मी म्हटलं. खोटं बोलले. त्यांनाही ते कळलं असणार, कारण मुंबईला जाताना ते बरोबर आले.

धक्क्यावरच्या दिवसांत ह्यांच्या लाँचने दर शनिवारी रेवसला जाणाऱ्या एक वकीलबाई होत्या. वेलणकर बाई. बारीक, कडक, डोळ्यांवर मोठा चष्मा. हायकोर्टात त्यांचं नाव होतं. ह्यांना बघून त्यांनी ओळखलं. आमचे कागद सगळे वाचले आणि म्हणाल्या, “हे सरळ आहे. परवाना द्या असं कोर्ट थेट सांगणार नाही, पण अर्जाचा निर्णय घ्या असं सांगू शकतं. अर्जावर बसून राहण्याचा अधिकार कुठल्याच साहेबाला नाही. द्यायचा तर द्या, नाकारायचा तर कारण देऊन नाकारा. एवढंच मागायचं.”

“एवढंच?”

“एवढंच पुरतं. नाकारायला त्यांच्याकडे कारण नाही.” मग त्यांनी चष्मा काढला. “ह्यात दुसरं काही असेल तर आत्ता सांगा. कोर्टात मला धक्के आवडत नाहीत.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“दुसरं काही नाही,” मी म्हटलं.

याचिका दाखल झाली. पहिल्या तारखेला सरकारी वकिलांनी वेळ मागून घेतला. दुसऱ्या तारखेला आम्ही रात्रीच्या गाडीने पोचलो, तर कोर्टाच्या जिन्यात दिगाशेठ उभा. पांढरंशुभ्र धोतर, बरोबर सावरखारचे पाच-सहा मानकरी, सगळे टोप्या घालून. देवळाच्या उत्सवाला निघावेत तसे. त्याने स्वतःचा वकील लावला होता आणि आमच्या प्रकरणात मलाही ऐका म्हणून अर्ज केला होता.

“आलीस?” तो म्हणाला. “बाप तरी कधी गावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढला नव्हता.”

“बापाची ऐपत नव्हती, शेठ.”

वेलणकर बाई कॉरिडॉरमध्ये खांबाला टेकून त्याचं प्रतिज्ञापत्र वाचत होत्या. इंग्रजीत होतं. त्यांनी मला मराठीत सांगायला सुरुवात केली. खाडीवर दुसऱ्या लाँचची गरज नाही. सध्याची सेवा पुरेशी आहे. अर्जदार बाई केवळ वैयक्तिक वैरातून हे करते आहे. आणि मग त्यांनी एक ओळ वाचली: “माझी सेवा सुरू झाल्यापासून आजवर मी एकाही प्रवाशाला नाकारलेलं नाही वा धक्क्यावर सोडून गेलेलो नाही.”

“परत वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी वाचलं.

“हे त्याने शपथेवर लिहिलंय?”

“शपथेवर. का?”

 हे पाणी आणायला गेले होते. आजूबाजूला काळे कोट धावत होते, पट्टेवाले नावं पुकारत होते, आणि इतकी वर्षं जे मी नवऱ्याखेरीज कुणाशी बोलले नव्हते ते त्या खांबाशी उभी राहून बोलले.

माझी मोठी बहीण जयवंती. तिने पलीकडच्या मोहरीच्या एका मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं. जात वेगळी. गावकी बसली आणि तिला घरात घ्यायचं नाही असं वडिलांना बजावलं. वडील गप्प राहिले, पण पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी घेऊन आले. म्हणाले, पोरगी आहे माझी, जाईल कुठे? दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाळीत. दुकानात मीठ मिळेना, विहिरीवर बायका मला बघून कळशा उचलून जायच्या. वडिलांचं तांडेलपण, मोठ्या होडीवरचं म्होरकेपण, गेलं. आमची एक लहान होडी होती, ती कुणीतरी खडकावर आपटून फोडली. आणि जयवंतीचं नाव गावात कुणी घ्यायचं नाही, असंही ठरलं. कुणी घेतलं नाही.

तिच्या कळा एका दुपारी सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. सुईण आमच्या दारात यायची नाही. वडिलांनी आणि मी तिला चादरीच्या झोळीत घालून धक्क्यावर नेलं. लाँच लागलेली होती. आत माणसं बसली होती, ओळखीची, नात्यातलीसुद्धा. अर्धी बाकं रिकामी. वडिलांनी दिगाशेठच्या पायावर डोकं ठेवलं. तो म्हणाला, तांडेल, माझ्या हातात काही नाही. मग त्याने पोराला दोर सोडायला सांगितला. लाँच निघाली. तिच्यातल्या एकाही माणसाने मान वळवली नाही. मी सतरा वर्षांची होते. पायरीवर बसून बहिणीचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिने डोळे उघडून मला विचारलं, लाँच आली का गो? मी म्हटलं, येतेय.

शेजारच्या गावातून बैलगाडी आणून आम्ही पुलाच्या वाटेने निघालो. पूल लागायच्या आधीच ती गेली. मूलही.

वेलणकर बाईंनी प्रतिज्ञापत्र मिटलं. मग त्यांचा आवाज चढला. “मी तुम्हाला विचारलं होतं! स्पष्ट विचारलं होतं!”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यावर केस केली असती. कोर्टाने त्याला काय केलं असतं, बाई? मला ते नको होतं. मला धक्का हवा होता. मला माझी लाँच लावायची होती आणि त्याला पायरीवर उभा ठेवून दोर सोडायचा होता. एकदाच.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

समोर दोन न्यायमूर्ती. कामकाज इंग्रजीत चाललं. सरकारी वकील उठले, बसले. दिगाशेठचा वकील बराच वेळ बोलला. मग वेलणकर बाई उठल्या. एक-दोन वाक्यांतच मला ‘जयवंती’ ऐकू आलं. भर कोर्टात, मोठ्याने, माझ्या बहिणीचं नाव. दिगाशेठचा वकील ताडकन उठला. हे कागदावर नाही, जुनं आहे, ऐकीव आहे, असं काहीतरी म्हणत होता. थोरल्या न्यायमूर्तींनी हाताने त्याला थांबवलं आणि मराठीत म्हणाले, “नाटेकर कोण? पुढे या.”

दिगाशेठ पुढे गेला. हात जोडले.

“हे प्रतिज्ञापत्र तुमचं? समजून सही केलीत?”

“होय साहेब.”

“एकाही प्रवाशाला नाकारलं नाही म्हणता. ह्या बाईंच्या बहिणीला तुम्ही लाँचमध्ये घेतलं नाही, हे खरं का?”

त्याचा वकील त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होता. नाही म्हण, म्हणून. दिगाशेठने ते पाहिलं. मग त्याने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर गावचे मानकरी बसले होते. त्या दिवशी त्यांतले दोघे लाँचमध्ये होते. त्यांच्यादेखत नाही म्हणायचं म्हणजे गावाने जे ठरवलं ते चूक होतं असं कबूल करायचं. ते त्याला जमण्यातलं नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “एकाही प्रवाशाला नाकारलं नाही, हे खरंच आहे.”

“मग ती बाई?”

“ती प्रवासी नव्हती, साहेब. ती वाळीतली होती.”

न्यायमूर्तींनी हातातलं पेन खाली ठेवलं. दिगाशेठचा वकील खुर्चीवर बसला आणि कागद गोळा करू लागला.  दिगाशेठ एकटाच उभा होता आणि आपलं काय चुकलं हे त्याला उमगत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं मी जे मागत होते त्यातलं पहिलं माप मला तिथे मिळालं.

पण त्याचा वकील पुन्हा उठला. हुशार माणूस. म्हणाला, बाईंच्या मनात सूड आहे हे आता उघडच झालं, त्यांच्या हाती परवाना दिला तर उद्या गावच्या लोकांचे हाल होतील.

न्यायमूर्तींनी मला पुढे बोलावलं.

“शालन करंजकर तुम्ही?”

“होय साहेब.”

“तुमच्या मनात सूड आहे का?”

वेलणकर बाईंनी माझा पदर मागून ओढला. मी म्हटलं, “आहे.”

धाकटे न्यायमूर्ती थोडे पुढे वाकले. थोरल्यांनी विचारलं, “परवाना मिळाला, तर ह्या नाटेकरांना तुमच्या लाँचमध्ये घ्याल?”

मी दिगाशेठकडे बघितलं. ज्यासाठी एवढी धडपड केली तेच न्यायमूर्ती माझ्या हातून काढून घेत होते. नाही म्हटलं असतं तर परवाना गेला असता. हो म्हटलं तर तो धक्का, ती पायरी, तो दोर, सगळं गेलं. मागे आमचे हे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“घेईन साहेब,” मी म्हटलं. “तिकीट काढलं, तर घेईन. माझ्या बहिणीनेही काढलं असतं.”

“तसं लिहून द्याल?”

“देईन.”

मी लिहून दिलं. कुठल्याही प्रवाशाला कुठल्याही कारणाने नाकारणार नाही. खाली सही केली. न्यायमूर्तींनी महिन्याभराच्या आत अर्जाचा निर्णय घ्या, असा आदेश दिला, आणि नाटेकरांच्या परवान्याचीही चौकशी करा म्हणून सांगितलं. जिना उतरताना ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “आता लाँच चालवू या.”  मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

परवाना आला. साहेबांनी स्वतःच्या हाताने दिला, चहाही विचारला. मी घेतला नाही. तिथेच मी कारकुनाला म्हटलं, लाँचचं नाव बदलायचं आहे.

“काय लावू?”

“जयवंती.”

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ते जागच्या जागी बसले. “गाव चढेल का ह्या लाँचवर?”

“पुलावरून फिरून जायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. चढतील.”

लाँचच्या पुढच्या दोन्ही बाजूंना मोठ्या तांबड्या अक्षरांत नाव रंगवून घेतलं. तिकिटावर छापलं. धक्क्यावर पत्र्याची खोपटी टाकून मी तिकिटं द्यायला बसले. पहिले काही दिवस कुणी फिरकेना. मग कॉलेजची पोरं आली. मग बाजाराच्या बायका. आमची लाँच वेळेवर सुटायची आणि दिगाशेठची त्याच्या मर्जीने, एवढ्या एका गोष्टीवर गाव माझ्या बाजूला सरकलं. पण तोंडातून नाव यायचं नाही. ‘ती दुसरी’ म्हणायचे. ‘तांडेलांची’ म्हणायचे.

“लाँच किती वाजता गो?”

“कुठली?” मी विचारायची. “इथे दोन लागतात.”

“ती... तुमची.”

“आमच्या लाँचला नाव आहे, काका.”

मग ते इकडेतिकडे बघायचे, खोकायचे आणि हळूच म्हणायचे, “जयवंती.”

मी तिकीट फाडून द्यायची. ज्यांनी लाँचमध्ये बसून मान वळवली नव्हती, त्यांची तोंडं मला एक न् एक पाठ होती. त्या प्रत्येकाकडून मी ते नाव म्हणवून घेतलं. म्हाताऱ्या मानकऱ्यांकडून, विहिरीवरून कळशा उचलून जाणाऱ्या बायकांकडून, दारात न आलेल्या सुईणीकडून. पुढे सवय झाली. टेकडीवरून हाका ऐकू यायच्या, “जयवंती लागली का रे?” “थांब, जयवंती येऊ दे!” अख्खं गाव दिवसभर माझ्या बहिणीचं नाव ओरडत होतं. एक दिगाशेठ सोडून.

चौकशी होऊन त्याचा परवाना पुढे वाढवून मिळाला नाही. लाँच चिखलात ओढून ठेवली ती तिथेच कलली. मोहरीला जायचं असलं की तो मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून पुलावरून फिरून जायचा. आमच्या धक्क्यावर पाय ठेवायचा नाही. मी रोज वाट बघायची. दुसऱ्या वर्षी कळलं, त्याचे गुडघे गेले, मोटारसायकलवर बसता येत नाही. मी आणखी वाट बघितली.

चैत्रातली दुपार होती. लाँच भरली होती, ह्यांनी इंजिन चालू केलं होतं. टेकडीच्या वाटेने काठी टेकत कुणीतरी उतरताना दिसलं. ह्यांनीही पाहिलं. इंजिन तसंच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. थांबू का, असं विचारत होते. मी घड्याळ बघितलं. सुटायची वेळ झाली होती. कुणालाही नाकारणार नाही असं मी लिहून दिलं होतं. कुणासाठी थांबेन असं कुठे लिहिलं नव्हतं. मी शिट्टी फुंकली. ह्यांनी तोंड फिरवलं आणि दोर सोडायला सांगितला.

दिगाशेठ धक्क्यावर पोचला तेव्हा लाँच मधल्या पाण्यात होती. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. खोपटीपाशी येऊन त्याने दम घेतला. दुसऱ्या कुणाला विचारावं म्हणून आजूबाजूला पाहिलं, पण धक्का रिकामा होता.

“लाँच गेली काय?”

“कुठली?” मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. दुसरी लाँच आता नव्हतीच. ती चिखलात कललेली दोघांनाही दिसत होती. मी तिकिटांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसले. मला घाई नव्हती.

शेवटी त्याने मान खाली घातली.

“जयवंती गेली काय?”

“गेली,” मी म्हटलं. “तुमच्या डोळ्यांदेखत.”

 काठी धरून तो हळूहळू पायरीवर बसला. पुढची फेरी यायला पुष्कळ अवकाश होता. ऊन डोक्यावर होतं. मी त्याला खोपटीत सावलीला बोलावलं नाही. मडक्यातलं पाणी प्याले, त्याच्यासमोर, आणि झाकण घातलं. कुणी मला विचारतं, एवढ्याने मन निवलं का म्हणून. निवलं. मी खोटं कशाला सांगू?

लाँच परत आली. दिगाशेठ उठला, खोपटीशी आला आणि सुटे पैसे ठेवले. मी तिकीट फाडून दिलं. मागे आणखी चार-पाच माणसं होती. ती सगळी त्याच्या पुढे जाऊन बसली. तो एकटा काठावर उभा राहिला. भरती ओसरली होती, लाँच बरीच खाली गेली होती आणि त्याचा गुडघा वाकत नव्हता. एक पाय पुढे करी, परत मागे घेई.

आमचे हे सुकाणू सोडून आले. त्यांनी त्याला हात दिला.

मी दिला नसता.